गिटारवरचा पहिला पोचा

आमच्या घरात बाबांशी कुणी फार बोलत नसे, आणि त्याचं आम्हाला काही वाटतही नसे. बाबा थकलेले असत, एवढं कारण पुरेसं होतं. फॅक्टरीच्या फोर्ज शॉपमध्ये ते हॅमरवर, म्हणजे यंत्राच्या घणावर होते. लाल झालेलं लोखंड त्या घणाखाली धरायचं, वरून तो घण आदळायचा, पुन्हा फिरवून धरायचं. सुटीचा भोंगा झाला की ते सायकलवरून घरी येत, अंगणातल्या नळाखाली कोपरापर्यंत हात धूत आणि पत्र्याच्या खुर्चीवर बसत. आई चहा घेऊन त्यांच्या समोर जाऊन उभी राही, कप हातात दिल्यावरही क्षणभर तिथेच थांबे आणि जे काही सांगायचं ते तेव्हाच सांगून टाकी. मी आतून काही विचारलं तर उत्तर येत नसे. दुसऱ्यांदा विचारलं तरी येत नसे. "राहू दे, थकले आहेत," आई म्हणे. नागपूरला दिलेली माझी मोठी बहीण मालूताई माहेरी आली की म्हणायची, "बाबा अगदी भिंतच झाले गं." आज मी बाबांच्या तेव्हाच्या वयापेक्षा बरीच मोठी आहे. शाळेत पस्तीसेक वर्षं शिकवून थकणं म्हणजे काय ते मलाही कळलं आहे. थकलेला माणूस हाकेला ओ देत नाही, पण त्याच्या पापण्या हलतात. कपाळावर आठी तरी पडतेच. बाबांच्या चेहऱ्यावर काहीच हलत नसे, आणि ते मी तरी कधी नीट पाहिलं नव्हतं.

आमचं क्वार्टर फॅक्टरीच्या इस्टेटच्या टोकाला होतं. दोन खोल्या, मागे अंगण, अंगणाच्या भिंतीपलीकडे बंगाली शेजार. तिथे शांतता अशी कधी नसेच. पहाटे नळाला पाणी आलं की अख्ख्या ओळीतल्या बादल्या वाजायच्या. भोंगा व्हायचा, मग सायकलींच्या घंट्या. दिवसातून केव्हाही फॅक्टरीत बनलेले तोफगोळे रेंजवर डागून पाहायचे, तेव्हा खिडकीची तावदानं आणि मांडणीवरच्या ताटल्या थरथरायच्या. पाहुणे दचकायचे, आम्ही वरणाचं भांडं हाताने धरून जेवत राहायचो. थंडीत रांझीच्या बाजारातून मटार यायचे, शिंगाडे यायचे. आई शिंगाडे सिगडीवर उकडायची आणि त्यांची काळी सालं काढता काढता आमची नखं काळी व्हायची. आईची नखं तर बारा महिने कशाने ना कशाने रंगलेलीच असत. पाणी भरणं, सिगडी पेटवणं, डबा, दुपारी शेजारणींच्या साड्यांना फॉल लावून देणं, हे सगळं ती न बोलता करी. आमच्या घरात कुणी आजारी नव्हतं, कुणी भांडत नव्हतं. सगळे नुसते दमलेले होते.

त्या घरात माझी गिटार आली ती भिंतीपलीकडच्या मासींमुळे. मासींकडे हवाईयन गिटार होती, मांडीवर आडवी ठेवून स्टीलच्या दांडीने वाजवायची. तो तारेवरून घसरत जाणारा आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी कपडे वाळत घालत होते, आणि पिळलेला परकर हातात धरून कितीतरी वेळ तशीच उभी राहिले. मग मासींच्या मागे लागून शिकायला लागले. वर्षभराने मासी माहेरी कोलकात्याला जायला निघाल्या तेव्हा बाबांनी ओव्हरटाइमचा लिफाफा न उघडता त्यांच्या हातात दिला आणि म्हणाले, "बच्ची के लिए अच्छी वाली लाना." परतताना मासींनी गिटार रेल्वेच्या बर्थवर स्वतःच्या उशाशी ठेवून आणली. गुळाच्या पाकाचा असतो तसा तिचा रंग होता, कडेने पांढरी बारीक रेघ. आईने जुन्या रजईच्या कापडाची खोळ शिवून दिली. मी ती गिटार रोज फलालीनच्या तुकड्याने पुसायची, माझा श्वास लागून तिच्यावर वाफ धरली तर पुन्हा पुसायची. त्या घरात दुसऱ्या कुणाचं न वापरलेलं, फक्त माझं असं काही तोवर नव्हतंच. कपडे मालूताईचे, पुस्तकं मालूताईची, पाटीसुद्धा तिचीच. संध्याकाळी मी वाजवायला बसले की बाबा खुर्ची आत ओढून आणत आणि माझ्यासमोर बसत. गाणं संपलं की म्हणत, "छान." एवढंच. पण दर गाण्याला म्हणत.

थंडीच्या तोंडाशी रजयांची ट्रंक माळ्यावरून काढायची, हे बाबांचं काम. त्या दिवशी ते डबल ड्यूटी करून आले होते. डोळे लाल, शर्टावर ठिणग्यांची भोकं. आई पाणी आणायला गेली होती. मी खाटेवर गोधडी अंथरून तिच्यावर गिटार ठेवली होती आणि चहाचं आधण टाकायला स्वयंपाकघरात गेले होते. परत आले तर बाबा स्टुलावर उभे, तोंड भिंतीकडे, डोक्यावर ट्रंक. दरवर्षी ते ती खाली घेत आणि न बघताच मागे वळवून खाटेवर टेकवत. मी दारातूनच ओरडले, "बाबा, थांबा! खाटेवर गिटार आहे!" ते थांबले नाहीत. मी पुन्हा ओरडले. मला आठवतं, माझा आवाज फाटला होता. ट्रंकेचा लोखंडी कोपरा गिटारच्या कडेवर आला आणि असा आवाज झाला, की सगळ्या तारा एकदम गुणगुणल्या आणि हळूहळू गप्प झाल्या.

बाबांना हाताला काहीतरी वेगळं लागलं असावं. त्यांनी वळून पाहिलं. ट्रंक बाजूला केली, खाली उतरले. गिटारच्या कडेला अंगठा मावेल एवढा पोचा पडला होता. त्याच्याभोवती पॉलिशला तडे गेले होते आणि मधोमध टवका उडून आतलं कच्चं, पांढरट लाकूड दिसत होतं. बाबांनी त्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "अरे अरे. तू सांगायचं नं मला, पोरी."

ते ऐकून माझं डोकंच फिरलं. "सांगितलं नं! ओरडून ओरडून सांगितलं! तुम्ही ऐकताच कुठे कुणाचं?"

बाबांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग म्हणाले, "अच्छा," आणि बाहेर जाऊन खुर्चीवर बसले. त्यांनी शर्टही बदलला नाही.

मी त्यांच्याशी बोलणं बंद केलं. मनात वाटत होतं, आता त्यांना कळेल. पण त्यांना काही कळल्याचं दिसेना. ते येत, हात धूत, चहा घेत. माझ्या न बोलण्याने त्यांच्या दिवसात काहीच कमी झालं नाही, याचा मला पोच्याहून जास्त राग आला. मासींनी तारा छेडून पाहिल्या आणि माझं नाव त्यांच्या बंगाली उच्चारात घेत सांगितलं, "आवाज वैसा ही है नोंदा, कुछ नहीं बिगड़ा." मलाही ते ऐकू येत होतं. पण वाजवताना माझी नजर सारखी तिथेच जाई. मी त्यावर रुमाल टाकून वाजवलं, तर रुमालाखाली ते आहे हे जास्तच जाणवे. मग वाजवणंच कमी झालं. खोळ घातलेली गिटार कपाटाशेजारी उभी असायची आणि मी पुस्तक उघडून तिच्याकडे पाठ करून बसायची. आज माझ्या घरात कशालाही टवका गेलेला असतो, कपाला, फरशीला, मला स्वतःला, आणि मी ते बघतही नाही. पण पहिला टवका वेगळा असतो. तोवर ती वस्तू कधी बिघडणार नाही असंच आपण धरून चाललेलो असतो.

सुटीच्या दिवशी सकाळी बाबांनी मला न विचारता गिटार खोळीतून काढली आणि अंगणात उन्हात सतरंजीवर ठेवली. लाकडी साचे बनवणाऱ्या पॅटर्न शॉपमधल्या एका सुताराला त्यांनी उपाय विचारला होता: पोच्यावर ओलं फडकं ठेवायचं, वरून गरम इस्त्री टेकवायची, वाफेने दबलेलं लाकूड फुगून वर येतं. मग रेगमाल, म्हणजे खरकागद घासायचा आणि स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपड्याचे हात द्यायचे. चपडा त्यांनी बड्या फुहाऱ्याच्या बाजारातून आणला होता, लाखेचे ते तांबूस पापुद्रे बाटलीत भिजत होते. मी पायरीवर मटार सोलत बसले होते. मला गिटार त्यांच्या हातात नको होती, पण न बोलायचं ठरवल्यामुळे तसं सांगताही येत नव्हतं. बाबा माझ्याकडे पाठ करून, उकिडवे बसून कामाला लागले. फडकं उचलून पाहिलं तेव्हा मीही मान उंच केली. पोचा खरंच थोडा वर आला होता. बाबांनी मान हलवली आणि इस्त्री दुसऱ्यांदा ठेवली.

या वेळी त्यांनी ती तशीच ठेवली. फडक्यातून वाफ यायची थांबली तरी ते दाबूनच होते, बहुधा आणखी वर येईल या आशेने. मला पॉलिश तापल्याचा उग्र वास आला. "बाबा, इस्त्री उचला," मी म्हणाले. न बोलायचं ठरवलेलं मोडून म्हणाले. ते हलले नाहीत. "बाबा! उचला! जळून राहिलं!" भिंतीपलीकडून मासींचं डोकं वर आलं. "क्या हुआ, नोंदा? क्या जल गया?" मी मटारची परात टाकून धावले आणि बाबांचं मनगट धरून इस्त्री वर ओढली.

ते दचकले. "काहून? काय झालं?"

फडक्याखाली पॉलिश फुगून पांढरं पडलं होतं, दुधावर साय धरते तसं. पण मी त्याच्याकडे बघत नव्हते. मासींना भिंतीपलीकडे ऐकू गेलं होतं आणि बाबा माझ्यापासून दोन हातांवर होते. बाबा ओशाळून पुन्हा गिटारवर वाकले, फुंकर मारायला लागले. मी तिथेच, त्यांच्या पाठीमागे उभी राहून म्हणाले, "बाबा." मग जरा मोठ्याने म्हणाले, "बाबा, मटार सांडले." मग शाळेत हजेरीला ओरडतात तसं ओरडले. बाबा फुंकर मारत राहिले. मासी भिंतीवरून सगळं बघत होत्या. त्यांनी तोंडावर पदर धरला आणि हळूच खाली गेल्या.

बाबांनी वळून पाहिलं तेव्हा मी तशीच उभी होते. माझ्या चेहऱ्याकडे पाहून त्यांना सगळं समजलं. मी त्यांच्यासमोर जाऊन खाली बसले.

"केव्हापासून?" मी विचारलं.

"हळू बोल," ते म्हणाले आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. ते स्वतः केवढ्या मोठ्याने बोलले हे त्यांना कळलं नव्हतं. "उजव्या कानाने येते थोडं. डाव्याने गेलंच समज. समोरून कोणी बोललं तर ओठ पाहून समजते."

"आणि माझं वाजवणं?"

बाबा इस्त्रीची वायर गुंडाळायला लागले. "जाड तार येते कधी कधी," ते म्हणाले. "बारीक नाही येत. तुझा हात थांबला की समजते, गाणं संपलं."

आणि तेव्हा ते "छान" म्हणत. इतके दिवस, दर गाण्याला.

आई दारात येऊन उभी होती. ती पायऱ्या उतरली, बाबांच्या समोर आली आणि नेहमीसारखी तिथे थांबली. "मी केव्हाची वाट पाहून राहिली होती, तुम्ही स्वतःहून सांगाल म्हणून," ती म्हणाली. तेव्हा मला कळलं, की चहा दिल्यावर ती तशी उभी का राहायची. घरात एकटी तीच त्यांच्याकडे नीट पाहत होती. "परवा बाजारात मागून टेम्पो येऊन राहिला होता, हॉर्न वाजवून वाजवून. मी हात धरून ओढलं, तर तुम्ही मलाच विचारलं, काहून ओढते म्हणून. शॉपमध्ये डोक्यावरून क्रेन जाते तुमच्या. तिथे कोण हात धरून राहिलं तुमचा?"

"दवाखान्यात गेलो तर लिहून देतील," बाबा म्हणाले. "हॅमरवरून काढतील. स्टोअरमध्ये बसवतील नट-बोल्ट मोजायला. एवढी वर्षं झाली मला त्या हॅमरवर."

"बसवू द्या."

"तुला समजून नाही राहिलं..."

"नाही समजत," आई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. पहाटेपासून पाणी भरणाऱ्या बाईचा आवाज होता तो. "मला एवढंच समजते का रोज भोंगा झाला का मी दारात उभी राहतो, तुमची सायकल दिसेपर्यंत. थकली मी आता." आणि ती खाली बसून सांडलेले मटार वेचायला लागली. मीही वेचायला लागले. थोड्या वेळाने बाबाही वाकले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबा चपड्याची बाटली घेऊन बसले तेव्हा मी त्यांच्या समोर, गिटारच्या दुसऱ्या बाजूला बसले. पांढरं पडलेलं पॉलिश आम्ही रेगमालने घासून काढलं. टवक्यात लाकडाचा भुसा आणि सरस भरला. मग कापसाची पुरचुंडी चपड्यात बुडवून हात द्यायचा, वाळू द्यायचं, पुन्हा हात द्यायचा. घाईने दिला तर पुरचुंडी चिकटते आणि आधीचं सगळं उचलून येतं. त्यामुळे बसून राहावंच लागे, आणि बसल्या बसल्या आम्ही बोलायला लागलो. मी मान वर करून, हळूहळू बोलायचे. बाबा शॉपमधलं सांगायचे. सुरुवातीला घरी आल्यावर कानात तासभर शिट्टी वाजायची, मग रात्रभर, मग ती थांबलीच नाही. कापसाचे बोळे घातले तर फोरमनची हाक ऐकू येत नसे, म्हणून काढून टाकले. हे त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं नाही. चपडा कसा लावायचा ते सांगावं, तशाच सुरात सांगितलं. काही संध्याकाळींनंतर पोचा बोटाला लागेनासा झाला. डोळ्याला मात्र दिसतच राहिला. बाकी गिटार गुळाची आणि तेवढा भाग चहात दूध जास्त झाल्यासारखा. बाबा ती उन्हाकडे कलती करून म्हणाले, "नाही जमलं बरोबर."

"राहू द्या," मी म्हणाले. खरंच मला त्याचं काही वाटेनासं झालं होतं.

मग एका सकाळी त्यांनी स्वतःच आईला सांगितलं, "चलो, दाखवून येऊ." आईला फॉलच्या साड्या द्यायच्या होत्या, म्हणून त्यांच्याबरोबर मी गेले. दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकावर आम्ही बसलो होतो. कंपाउंडरने दारातून बाबांचं नाव पुकारलं. बाबा समोरच्या भिंतीकडे बघत बसले होते. त्याने पुन्हा पुकारलं, माणसं इकडेतिकडे पाहायला लागली. मी बाबांच्या कोपराला हात लावला. ते उठले, शर्ट खाली ओढून नीट केला आणि आत गेले. पुढे आयुष्यात मी पुष्कळ माणसांना पुष्कळ दारांतून आत जाताना पाहिलं. इतकं ताठ चालत कुणी गेलेलं मला आठवत नाही.

त्यांना स्टोअरमध्ये बसवलं. आता ते वेळेवर घरी येत, शर्टाला भोकं नसत. चहा झाला की संध्याकाळचं करायचं काय ते त्यांना सुचत नसे. अंगणात उगीच वाफे खणत, पुन्हा बुजवत. ओव्हरटाइम नव्हता, म्हणून आईच्या फॉलच्या साड्या वाढल्या. भोंगा झाला की मात्र ती दारात जाईनाशी झाली, घरातच सुईत दोरा ओवत बसायची.

थंडी सरता सरता बाबांना कानाचं मशीन मिळालं. काडेपेटीहून थोडी मोठी डबी शर्टाच्या खिशात, तिथून वायर कानापर्यंत. पहिल्या दिवशी आईने ताट मांडलं तर ते दचकले. नळ, सिगडीवर पडलेला चिमटा, शेजारचा रेडिओ, प्रत्येक आवाजाला मान वळत होती. "एवढा गोंगाट असते का घरात?" ते म्हणाले. आई हसली. तिला तसं हसताना मी बऱ्याच दिवसांनी पाहिलं.

संध्याकाळी मी गिटार घेतली. मुद्दाम मासींकडून नवं, अवघड गाणं शिकून ठेवलं होतं. बाबा समोर बसले, डबीचं बटण फिरवलं. मी वाजवायला लागले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते आणि ते फार प्रयत्न करत होते. पण वरच्या तारेवर दांडी सरकली की त्यांचा डोळा बारीक व्हायचा, दात दुखावा तसा. मी मध्येच थांबले.

"काय झालं?"

"काही नाही. छान आहे." मग त्यांनी मान खाली घातली. "यातून सगळं पत्र्यासारखं येते, पोरी."

त्यांनी वायर कानातून काढली, डबी बंद करून मांडणीवर ठेवली आणि खुर्ची आणखी पुढे ओढली, त्यांचे गुडघे माझ्या गुडघ्यांना लागेपर्यंत. "चलो, आता वाजव."

"कोणतं वाजवू?" मी तोंड वर करून विचारलं.

"नवीन नको," बाबा म्हणाले. "कान चांगले होते तेव्हा मी पहिले रेडिओवर ऐकलेलं आहे, त्यातलं वाजव. ते मला येते ऐकू."

तेव्हापासून नवी गाणी मी मासींकडे जाऊन वाजवत असे. घरी बाबांसमोर जुनीच वाजवली, ते होते तोपर्यंत.